आक्षेप घ्यावा, पण योग्य पानावर

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार, नाशिक आवृत्ती

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात एका पत्रलेखकांनी अशी मागणी केली होती की, शहरातील व उपनगरांतील वाचनालयांच्या इंग्रजी कपाटांत वर्षानुवर्षे पडून असलेली डेनिस व्हीटली या इंग्रज कादंबरीकाराची ‘काळ्या जादूची पुस्तके’ तेथून काढून टाकावीत. कारण ज्या राज्याने जादूटोण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, त्या राज्यात शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थांनी असले वाङ्मय बाळगणे शोभत नाही. पत्रलेखकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला, हा क्रम ज्यांच्या स्मरणात आहे ते या विषयाबाबत हळवे असणारच. तरीही व्हीटली यांच्यावरचा हा आक्षेप भलत्याच पानावर बोट ठेवतो, असे माझे मत आहे. आक्षेप घेण्याजोगे या पुस्तकांत पुष्कळ आहे. ते मंत्रांत नाही, एवढे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

त्या पत्रानंतर आठ-दहा दिवसांनी आमच्या भागातील एका वाचनालयाने (नाव देत नाही, तेथील मंडळी सज्जन आहेत आणि जागेची त्यांची अडचण खरी आहे) इंग्रजी कादंबऱ्यांची दोन खोकी रद्दीत काढली. पत्राचा हा परिणाम होता की निव्वळ योगायोग, हे मी विचारले नाही. रद्दीवाल्याने दुकानापुढे खोके उपडे केले तेव्हा मी तेथेच जुनी वर्तमानपत्रे घालायला गेलो होतो. वीस रुपये किलो या भावाने व्हीटली यांची एकोणीस पुस्तके मी उचलून आणली. त्यांतील ‘द डेव्हिल राइड्स आउट’च्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. १९७९ पासून १९९१ पर्यंत जांभळ्या शिक्क्यांची इतकी दाटी आहे की चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवावी लागलेली आहे. पुढे वर्षाला एखाद-दुसरा शिक्का, आणि शेवटचा २००४ मधला. संक्रांतीच्या दिवसाचा, १४ जानेवारी १९८३ चा शिक्का माझा आहे, कारण त्या वर्षी पतंगाऐवजी पुस्तक घेऊन गच्चीवर बसल्याबद्दल धाकट्या भावाची बोलणी खाल्ल्याचे मला पक्के आठवते. म्हणजे जे पुस्तक समाजाला अघोरी मार्गाला लावणार होते, त्याला वीस वर्षांत कोणी हातही लावलेला नव्हता.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये (आमच्याकडे नुसते ‘प्रेस’ म्हटले की नोटांचा छापखाना समजला जातो) माझी छत्तीस वर्षे तपासणीच्या कामात गेली. कागद उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय त्याच्याविषयी बोलायचे नाही, ही सवय तिथली. व्हीटली यांचे पहिले पुस्तक मी १९७७ च्या पावसाळ्यात नाशिकरोड स्थानकाबाहेरच्या फुटपाथवर तीन रुपयांना घेतले. मुखपृष्ठावर काळ्या पार्श्वभूमीवर ज्वाळा, कवटी आणि घरात दाखवता येणार नाही अशा वेशातली एक स्त्री होती. त्यामुळे पुस्तकाला पहिले वेष्टन घातले ते आपल्याच दैनिकाच्या रविवार पुरवणीचे. लेखक त्याच वर्षी १० नोव्हेंबरला वारले, हे मला पुष्कळ नंतर कळले.

पत्रलेखकांनी व्हीटली यांना ‘मांत्रिक लेखक’ म्हटले आहे. हा गृहस्थ मुळात दारूचा व्यापारी होता. ८ जानेवारी १८९७ रोजी लंडनमध्ये जन्म, शाळेतून हकालपट्टी, नंतर नौकेवरच्या प्रशिक्षण शाळेत रवानगी, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी, तेथे विषारी वायूची बाधा होऊन परत पाठवणी आणि पुढे लंडनच्या मेफेअर या श्रीमंत वस्तीतले वाडवडिलांचे उंची मद्याचे दुकान, असा त्यांचा प्रवास झाला. (देवळालीच्या तोफखान्याचा सराव चालू असला की आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात. त्या आवाजात एका जुन्या तोफखानी अधिकाऱ्याच्या कादंबऱ्या वाचण्याची गंमत फक्त आम्हा नाशिकरोडकरांना ठाऊक.) तिसाच्या दशकाच्या आरंभी मंदीत दुकान बुडाले, कर्ज डोक्यावर आले आणि पत्नीने सुचवले म्हणून त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. पहिली लिहिलेली कादंबरी बाजूला राहिली. दुसरी, ‘द फॉरबिडन टेरिटरी’, १९३३ मध्ये प्रसिद्ध होऊन हातोहात खपली. तिच्यात जादूचा लवलेशही नाही. सोव्हिएत रशियात गडप झालेल्या एका अमेरिकन मित्राला सोडवण्यासाठी दोन मित्र बर्फ तुडवत जातात, एवढीच ती गोष्ट आहे.

पन्नासहून अधिक कादंबऱ्यांपैकी ज्यांच्या केंद्रस्थानी जादूटोणा आहे, अशा कादंबऱ्या मोजल्या तर दहाच्या आसपास भरतील. बाकी सगळा मामला साहसाचा. ग्रेगरी सॅलस्ट हा हेर हिटलरच्या जर्मनीत घुसतो. रॉजर ब्रुक हा दुसरा हेर १७८३ पासून वॉटर्लूपर्यंत, म्हणजे १८१५ पर्यंत, बारा कादंबऱ्या इंग्लंडसाठी, आधी पंतप्रधान पिट यांच्या हाताखाली, हेरगिरी करत नेपोलियनच्या निकटच्या वर्तुळात वावरतो. रॉजर ब्रुकच्या या मालेमुळे मला फ्रेंच राज्यक्रांतीतली माणसे ओळखीची झाली, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. शाळेच्या इतिहासाने ते काम केलेले नव्हते. कथानकातला हेर खोटा असला तरी त्याच्या भोवतीच्या तारखा, तह आणि लढाया खऱ्या ठेवायच्या, ही शिस्त व्हीटली यांनी कसोशीने पाळली. कधी कधी ती इतकी पाळली की दहा-दहा पाने नुसता इतिहासाचा तास चालतो आणि बिचारा रॉजर दाराआड ताटकळत उभा राहतो. वाइनच्या बाबतीतही तेच. पात्रे मरणाच्या दारातून परत आली तरी पुढ्यातली वाइन कोणत्या सालची, हे विसरत नाहीत. जुना दुकानदार लेखकाच्या अंगातून कधी गेलाच नाही.

छापखान्यातला माणूस म्हणून एका गोष्टीचा उल्लेख टाळवत नाही. १९३६ मध्ये जे. जी. लिंक्स या मित्राच्या कल्पनेवरून व्हीटली यांनी ‘मर्डर ऑफ मायामी’ नावाचा प्रकार काढला. ते पुस्तक म्हणजे पोलिसांची फाइलच होती: तारा, टंकलिखित जबाब, छायाचित्रे, आणि पाकिटांत घातलेले प्रत्यक्ष पुरावे, म्हणजे खरे केस, काडेपेटीची खरी काडी, डाग पडलेल्या पडद्याचा कापडी तुकडा. उलगडा शेवटी मोहोरबंद. अलीकडच्या पुनर्मुद्रणाची एक प्रत मला देवळालीच्या लाम रोडवरील एका जुन्या बंगल्यात पाहायला मिळाली. मोहोर केव्हाच कोणीतरी फोडलेली होती, पण काडी पाकिटात शाबूत होती. ती मी बोटांत धरून उजेडाकडे नेली, तेव्हा यजमानबाईंना हसू आवरेना. हजारो प्रतींत प्रत्येकी एक काडी हाताने घालणाऱ्या कामगारांचा विचार माझ्या मनात आला. खुनाचा उलगडा मात्र काही मला झाला नाही.

आता ज्या पुस्तकाने सगळा वाद उभा केला त्याकडे वळतो. ‘द डेव्हिल राइड्स आउट’ १९३४ ची. पहिल्या कादंबरीतलेच चार मित्र, म्हणजे इंग्लंडमध्ये राहणारा वयस्कर फ्रेंच सरदार द रिशलो, अमेरिकन रेक्स, इंग्रज रिचर्ड आणि ज्यू सायमन, येथे पुन्हा भेटतात. सायमन सैतानपूजकांच्या मंडळात ओढला गेला आहे आणि बाकीच्यांना त्याला परत आणायचे आहे. पुस्तकाचा गाभा म्हणजे एका रात्रीचा प्रसंग. ग्रामीण भागातील एका मोठ्या घरातल्या ग्रंथदालनातले सामान बाहेर काढले जाते, फरशी धुऊनपुसून लख्ख केली जाते, आणि द रिशलो खडूने मोजूनमापून वर्तुळ व त्यात पंचकोनी तारा आखतो. पाण्याची भांडी, मेणबत्त्या, लसूण असा जामानिमा मांडून रेक्स सोडून बाकीचे तिघे आणि रिचर्डची पत्नी अशी चार माणसे त्या वर्तुळात पाठीला पाठ लावून बसतात. सकाळपर्यंत रेषेबाहेर पाऊल टाकायचे नाही, एवढा एकच नियम.

हा प्रसंग मी किमान सहा वेळा वाचला आहे आणि त्यातली भीती कुठून येते ते नीट तपासले आहे. मंत्र आहेत, पण ते ओझरते आणि मोडके. भीती येते ती घरगुती गोष्टींतून. दिवा मंद होतो, किंवा तसे नुसते वाटते. मग बाहेरून रेक्सचा ओळखीचा आवाज येतो. मला आत घ्या, म्हणून तो सहज सांगतो. दार उघडायला पाय आपसूक उठतात. आपल्याकडे रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये असे म्हणणारी आजी ज्यांच्या घरात होती, त्यांना या पानाचे भाषांतर करून सांगावे लागणार नाही. लेखकाने येथे फार जुनी आणि फार साधी युक्ती वापरली आहे: धोका बाहेर ठेवायचा आणि बाहेर जाण्याचे कारण अतिशय सोज्वळ करायचे. हे कसब नाटककाराचे आहे. त्यात मांत्रिकाचे काही नाही.

खुद्द लेखकाने पुस्तकाच्या आरंभी टीप घातली आहे. पांढऱ्या किंवा काळ्या, कोणत्याही जादूच्या विधीत आपण कधीही भाग घेतलेला नाही, माहिती वाचनातून आणि जाणकारांशी बोलून मिळवली आहे, आणि कोणा वाचकाला या गोष्टींच्या नादी लागावेसे वाटले तर त्याने कृपा करून तसे करू नये, असा त्या टिपेचा आशय आहे. अ‍ॅलिस्टर क्रोलीसारख्या त्या काळी गाजलेल्या गूढविद्येच्या पुरस्कर्त्याची त्यांनी गाठ घेतली, ती टिपणे काढण्यासाठी. अर्थात ही टीप म्हणजे ‘आत जाऊ नये’ अशी पाटी लावून गर्दी खेचण्याचाच प्रकार होता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. व्हीटली यांना विक्रीचे गणित उत्तम येत होते. त्यांच्या पुस्तकांच्या एकूण पाच कोटी प्रती खपल्याचे सांगितले जाते आणि १९६८ मध्ये याच कादंबरीवर ख्रिस्तोफर ली यांची भूमिका असलेला चित्रपट निघाला. मुद्दा एवढाच की, वाचकाला दीक्षा देण्याचा त्यांचा दावा नव्हता. आपल्याकडे ‘अनुभवसिद्ध’, ‘हमखास’ असे शिक्के मारून जे उघड विकले जाते आणि ज्यांच्या जाहिराती बसच्या मागच्या काचेवर डकवलेल्या असतात, त्या मालाच्या मानाने हा दुकानदार प्रामाणिकच म्हणायचा.

पत्रलेखकांनी या पुस्तकांना ‘परकीय विष’ म्हटले आहे, त्या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण येथे गोष्ट उलटी आहे. द रिशलो आपल्या मित्रांना समजावून सांगतो की जगात दोन वाटा आहेत, उजव्या हाताची आणि डाव्या हाताची. डाव्या वाटेने जाणारे ते सैतानपूजक. इंग्रजी वाचकाला हे शब्द अस्सल युरोपीय वाटतात. मात्र ‘डाव्या हाताची वाट’ म्हणजे आपला वाममार्ग, आणि उजवी म्हणजे दक्षिणमार्ग. तांत्रिक परंपरेतले हे शब्द इंग्रजीत रुजवण्यात मोठा वाटा मॅडम ब्लाव्हाट्स्की या गूढविद्येचा प्रचार करणाऱ्या रशियन बाईंचा. त्यांची थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली, १८७९ मध्ये ब्लाव्हाट्स्की आणि त्यांचे सहकारी कर्नल ऑल्कॉट मुंबईत येऊन राहिले, आणि तेथून १८८२ मध्ये ते बिऱ्हाड मद्रासजवळच्या अड्यारला गेले. कर्म, पुनर्जन्म, सूक्ष्म देह हे सगळे सामान याच सुमारास बोटीत चढले. पन्नास वर्षांनी व्हीटली यांनी ते लंडनच्या बाजारातून उचलले. १९४१ च्या ‘स्ट्रेंज कॉन्फ्लिक्ट’मध्ये द रिशलो झोपेत सूक्ष्म देहाने समुद्रावरून फिरून जर्मनांना बातम्या पुरवणाऱ्याचा माग काढतो, तेव्हा आपल्याच गावचे नाणे परदेशी टाकसाळीतून छाप बदलून परत आले आहे, हे ओळखायला नोटा तपासणाऱ्याची नजर लागत नाही. वाममार्गाचा अर्थ मात्र वाटेत पार पालटला. मूळ परंपरेत तो एक आचार होता, अवघड आणि वादग्रस्त असला तरी आचार. इंग्रजी कादंबरीत तो निव्वळ दुष्टपणाचे दुसरे नाव होऊन बसला.

येथे मी माझ्या खऱ्या आक्षेपाशी येतो.

सैतानपूजकांचे मंडळ प्रथम दिसते ते सायमनच्या घरी, आणि द रिशलो तेथे जमलेल्या पाहुण्यांवरून नजर फिरवतो. कोणाच्या शरीरात व्यंग आहे, कोण पूर्वेकडचा आहे, कोणाचा वर्ण संमिश्र आहे. आणि मोकाटा या प्रमुखाचा नोकर मादागास्करचा, काळा. वाचकाला अजून एकही दुष्कृत्य दाखवलेले नसते. तरी चेहरे मोजूनच त्याची खात्री पटावी, अशी ती मांडणी आहे. १९८३ च्या गच्चीवर मला हे टोचले नाही, हे लिहिताना लाज वाटते. नायकांच्या बाजूने वाचण्याची सवय इतकी पक्की असते की आपण स्वतः त्या खोलीत असतो तर कोणत्या बाजूला धरले गेलो असतो, हा विचार शिवतच नाही. या वेळी रद्दीतून आणलेली प्रत वाचताना मी त्या यादीपाशी थांबलो. त्या यादीत मी बसतो. पत्रलेखकही बसतात.

हा एका पुस्तकापुरता दोष असता तर काळाचा महिमा म्हणून सोडून देता आला असता. तसे नाही. ‘स्ट्रेंज कॉन्फ्लिक्ट’मधला माग हैतीच्या काळ्या लोकांच्या व्हूडूपर्यंत जातो. १९७० च्या ‘गेटवे टु हेल’मध्ये तर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी चाललेल्या ब्लॅक पॉवर चळवळीलाच सैतानाच्या पंगतीला बसवले आहे. अन्यत्र कम्युनिस्ट आणि सैतानपूजक एकाच टोळीत सापडतात. लेखकाची राजकीय मते त्यांनी लपवलीही नव्हती. १९४७ मध्ये मजूर पक्षाचे सरकार असताना त्यांनी भावी पिढ्यांना उद्देशून एक पत्र लिहिले आणि आपल्या घराच्या आवारात पुरून ठेवले; सगळी माणसे समान आहेत ही कल्पनाच त्यांना खोटी वाटत होती आणि तसे त्यांनी त्यात लिहून ठेवले आहे. (संपादक महोदय, आपल्याकडे पत्रे न छापल्याची तक्रार पुष्कळ वाचक करतात, पत्र जमिनीत पुरणारा वाचक आपल्याला भेटला नसेल.) न्यायाने हेही सांगितले पाहिजे की सायमन हा ज्यू मित्र त्यांनी १९३३-३४ मध्ये, जर्मनीत जे चालले होते ते चालू असताना, प्रेमाने आणि आदराने रंगवला. माणूस एकसुरी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या गुप्त नियोजन कार्यालयात बसून शत्रूची दिशाभूल करण्याच्या योजना आखणाऱ्या मोजक्या मंडळींत ते होते, आणि त्या कामात काल्पनिक धोका शत्रूला खरा वाटावा असा उभा करण्याचे त्यांचे कसब नक्कीच उपयोगी पडले असणार. पण तेच कसब कादंबरीत आपल्यासारख्या माणसांविरुद्ध वापरले गेले आहे.

ज्या कायद्याचा दाखला पत्रलेखकांनी दिला, तो त्यांनी पुन्हा एकदा उघडून पाहावा, अशी माझी नम्र विनंती आहे. त्याच्या अनुसूचीत भुताच्या नावाने मारहाण, चमत्काराच्या नावाने फसवणूक यांबरोबरच आणखी एक कृत्य गुन्हा म्हणून नोंदलेले आहे: एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, ती सैतान आहे, असे जाहीर करून तिचे जगणे मुश्कील करणे. हे कलम हवेतून आलेले नाही. आपल्या उत्तर महाराष्ट्रात, सातपुड्याच्या पाड्यांवर, बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपणच वेळोवेळी छापल्या आहेत आणि त्या प्रथेविरुद्ध कार्यकर्ते वर्षानुवर्षे झटत आहेत. डाकीण ठरणारी बाई कोण असते? बहुतेकदा विधवा, एकटी, म्हातारी, डोळ्यांत काही दोष असलेली, किंवा जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी. आधी चेहरा ठरतो, गुन्हा मागाहून शोधला जातो. सायमनच्या दिवाणखान्यात द रिशलोची नजर नेमकी याच क्रमाने फिरते. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर या कादंबरीतले आक्षेपार्ह कृत्य मोकाटाच्या विधीपेक्षा नायकाच्या त्या पाहणीत आहे.

मराठी गूढकथेलाही यातून सुटका नाही. नारायण धारपांच्या समर्थांवर मी जीव टाकला आहे, रत्नाकर मतकरींच्या कथा वाचून दिवा न मालवता झोपलो आहे, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने तर आमच्या वडिलांच्या पिढीला वाचायला शिकवले. पण आपल्या वाचनालयांतल्या गूढ-रहस्य कपाटातून कोणतीही दहा जुनी पुस्तके काढावीत आणि त्यांतला मांत्रिक कुठून आला आहे ते पाहावे. तो बंगालचा असतो, आसामचा असतो, मलबारचा असतो, नाहीतर जंगलातल्या एखाद्या आदिवासी जमातीतला. आपल्या पेठेतला, आपल्या आडनावाचा क्वचितच. व्हीटली वाचल्यावर ही खोड चटकन लक्षात येते, कारण परक्याच्या घरातली धूळ आधी दिसते. त्यांची पुस्तके कपाटात राहावीत यामागे माझे हेही एक कारण आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की ही पुस्तके काढू नयेत, त्यांना कात्रीही लावू नये. पाहुण्यांची ती यादी गाळून कोणी सुधारित आवृत्ती किंवा मराठी रूपांतर काढले, तर मागे उरेल ते फक्त खडूचे वर्तुळ, आणि मग पत्रलेखकांची भीती थोडीफार खरी ठरेल. मूळ पुस्तक जसे आहे तसे ठेवावे आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस अर्ध्या पानाची मराठी टीप डकवावी, हा उपाय मला पुरेसा वाटतो. अशी टीप मी तयार केली आहे. पुस्तक १९३४ चे आहे. लेखकाने स्वतः कोणताही विधी केलेला नाही व वाचकालाही करू नका म्हटले आहे. उजव्या-डाव्या वाटेचे शब्द आपल्याकडून गेले आहेत. आणि पाहुण्यांचे वर्णन वाचताना २०१३ च्या कायद्याची अनुसूची शेजारी ठेवावी, एवढाच तिचा मजकूर आहे. तीत कोणाला बदल सुचवायचा असेल, विशेषतः मूळ पत्रलेखकांना, तर मी आनंदाने करीन. त्यांना भेटून बोलायलाही आवडेल. ते नाशिकचेच आहेत असे पत्राखालील पत्त्यावरून दिसते.

नाशिकमध्ये १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद विज्ञानकथा लिहिणाऱ्या जयंत नारळीकरांकडे होते. रंजक पुस्तकांकडे नाक मुरडणारे हे गाव नाही. त्यामुळे माझी एकोणीस पुस्तके कोणत्याही वाचनालयाने न्यावीत, मी विनामूल्य देईन. टीप चिकटवण्याचा खर्च आणि डिंकही माझा. दोन प्रतींची पाने सुटली होती, ती मी शिवून घेतली आहेत. अट एकच: ‘द डेव्हिल राइड्स आउट’च्या शेवटची ती जांभळ्या शिक्क्यांची चिठ्ठी काढू नये. २००४ च्या शिक्क्याखाली अजून चार ओळींची जागा शिल्लक आहे.

आपला नम्र,
प्रेसमधून निवृत्त झालेला एक वाचक
जेल रोड, नाशिकरोड